सीरियल कन्सोलसाठी काय वापरावं: पिकोकॉम, मिनिकॉम, स्क्रीन की टिओ?

सीरियल कन्सोल म्हणजे दोन-तीन वायरींवरून बोर्डाशी मजकुरात बोलणं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, यूएसबी-टीटीएल मॉड्यूल (लॅपटॉपचं यूएसबी बोर्डाच्या सीरियल पिनांना जोडणारी पट्टी) आणलं, बोर्डाला तीन वायरी लावल्या, दुसरं टोक लॅपटॉपात खुपसलं. आता टाइप कुठे करायचं? लिनक्सवर या कामासाठी सहा-सात प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि प्रत्येकाच्या चाहत्यांना आपलाच खरा वाटतो. फीचरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर निर्णय होत नाही, कारण बाइट आत-बाहेर करणं सगळ्यांनाच येतं. फरक पडतो तो दोन वेळी. पोर्ट उघडताना प्रोग्रॅम वायरींवर काय करतो, आणि बंद होताना मागे काय ठेवून जातो. बहुतेक रडगाणी याच दोन जागी सुरू होतात.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. रोजच्या कामाला पिकोकॉम. बोर्ड दर पाच मिनिटांनी काढ-घाल होत असेल, किंवा प्रत्येक ओळीपुढे वेळ हवी असेल तर टिओ. फाइल पाठवण्याचं काम मेनूतून करायचं असेल किंवा खराखुरा मोडेम समोर असेल तर मिनिकॉम. दुसरं काहीच इन्स्टॉल करता येत नसेल, किंवा रात्रभर लॉग चालू ठेवायचा असेल, तर स्क्रीन.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. पोर्टच्या नावातलं टीटीवाय लहान लिपीत आणि यूएसबी मोठ्या लिपीत, एवढं सांभाळा.

प्रोग्रॅमला दोष देण्याआधी

कोणताही प्रोग्रॅम निवडला तरी खालचा पाया तोच राहतो. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. ग्राउंड विसरलं की कधी काहीच येत नाही, कधी कचरा येतो, आणि बोटाने वायर धरली की कचरा बदलतो. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, तिथे मॉड्यूलचा जंपर ५ वर ठेवू नका. पायचा कन्सोल हेडरच्या ८ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर, ग्राउंड ६ वर. बोर्डाला स्वतःची वीज असेल तर मॉड्यूलची पाच व्होल्टची वायर जोडायचीच नाही.

जुनं वजनयंत्र, पीएलसी किंवा सीएनसीचा नऊ पिनांचा कनेक्टर हे वेगळं प्रकरण. तो आरएस-२३२ असतो. त्याची पातळी उणे-अधिक ३ ते १५ व्होल्टच्या पट्ट्यात फिरते आणि तर्कही उलटा असतो. तो थेट टीटीएल मॉड्यूलला जोडला तर नशीब चांगलं असल्यास कचरा येतो, वाईट असल्यास मॉड्यूल जातं. मध्ये मॅक्स३२३२ची पट्टी हवी किंवा सरळ यूएसबी-आरएस२३२ केबल. समुद्राकाठच्या दमट हवेत अशा कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात. चार महिने पडून असलेली केबल आधी पुसून घ्या, मग सॉफ्टवेअरवर शंका घ्या.

केबल ठीक आहे का ते दोन मिनिटांत कळतं. मॉड्यूल बोर्डापासून सोडवा, त्याच्याच टीएक्स आणि आरएक्स पिना एका जंपरने जोडा, कोणताही टर्मिनल प्रोग्रॅम उघडून टाइप करा. अक्षरं परत दिसली तर मॉड्यूल, ड्रायव्हर आणि परवानगी तिन्ही ठीक. आता दोष बोर्डाकडच्या वायरीत किंवा वेगाच्या सेटिंगमध्ये आहे. टाइप केलेलं काहीच परत येत नसेल, तर बोर्डाला हात लावण्यात अर्थ नाही.

परवानगीचं म्हणाल तर डेबियन-उबुंटूवर वापरकर्ता ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये हवा, आर्चवर ‘यूयूसीपी’ ग्रुपमध्ये. यूजरमॉड कमांडला लहान ए आणि मोठा जी हे दोन्ही पर्याय एकत्र द्यायचे. लहान ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपांमधून तुमची हकालपट्टी होते, सुडोच्या ग्रुपमधूनसुद्धा, आणि मग साध्या केबलसाठी रिकव्हरी मोडमध्ये बसावं लागतं. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसती टर्मिनलची खिडकी नवी उघडून भागत नाही. दरवेळी सुडो लावून चालवणं ही पळवाट आहे. लॉग फाइली रूटच्या नावावर बनतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच डोकं खातात.

सीएच३४० चिपचं मॉड्यूल असेल आणि उबुंटू २२.०४ असेल तर आणखी एक गंमत. मॉड्यूल लावल्यावर टीटीवाययूएसबी० हे पोर्ट दिसतं आणि क्षणात गायब होतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, शेवटी ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसेल. ब्रेल डिस्प्ले चालवणारी ती सेवा या चिपचा यूएसबी क्रमांक आपल्या यंत्राचा समजून पोर्ट बळकावते. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका, मॉड्यूल काढून परत लावा, झालं. यात पिकोकॉमचाही दोष नाही आणि दुकानदाराचाही.

पिकोकॉम

पिकोकॉम म्हणजे एक छोटा, बिनमेनूचा प्रोग्रॅम. कॉन्फिग फाइल नाही, रंग नाहीत, खिडक्या नाहीत. जे टाइप कराल ते पोर्टवर जातं, पोर्टवरून येईल ते पडद्यावर पडतं, आणि पडद्यावरचं रंगकाम, कर्सर, स्क्रोल हे सगळं तुमचं नेहमीचं टर्मिनलच बघतं. मागचं वाचायला माउसचं चाक फिरवायचं. हा सगळ्यात मोठा आराम आहे, कारण मिनिकॉम आणि स्क्रीन दोघेही पडदा ताब्यात घेतात आणि मागे जायला आपापल्या कळा शिकवतात.

सुरू करायचं असं:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

वेग सांगितला नाही तर तो ९६०० धरतो, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल (समोरच्याने ‘थांब’ म्हणण्याची सोय) बंद. तीन वायरींच्या जोडणीला हे नेमकं जुळतं, म्हणून नवशिक्याचं पिकोकॉमवर सहसा अडत नाही. सुरू झाल्यावर तो लागू असलेली सगळी सेटिंग छापतो आणि शेवटी ‘टर्मिनल रेडी’ म्हणतो. ती यादी वाचण्याची सवय लावा. निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच छापलेलं असतं.

सगळे हुकूम कंट्रोल-ए या कळेने सुरू होतात. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-एक्स. चालू असतानाच वेग वाढवायला कंट्रोल-यू, कमी करायला कंट्रोल-डी, सेटिंग पाहायला कंट्रोल-व्ही, टाइप केलेलं स्वतःला दिसावं म्हणून कंट्रोल-सी, डीटीआर (‘लॅपटॉप तयार आहे’ सांगणारी) वायर वर-खाली करायला कंट्रोल-टी. अनोळखी बोर्डाचा वेग शोधताना वेग वर-खाली करण्याच्या कळा फार कामाच्या. बोर्ड रिसेट करत राहायचं, कळा दाबत राहायच्या, वाचता येणारा मजकूर आला की थांबायचं. पॅरिटी आणि स्टॉप बिट कमांडवर द्यायचे असतील तर --पॅरिटी, --स्टॉपबिट्स अशी लांब नावंच लिहा. एक-अक्षरी पर्यायांचे अर्थ जुन्या-नव्या आवृत्त्यांत बदलले आहेत.

आता बाहेर पडण्याचा मुद्दा. पिकोकॉममधून निघायला दोन दरवाजे आहेत. कंट्रोल-एक्सने निघालात तर पोर्ट मूळ सेटिंगवर जातं आणि डीटीआर, आरटीएस (पाठवण्याची तयारी सांगणारी) या वायरी खाली पडतात. कंट्रोल-क्यूने निघालात तर पोर्ट जसंच्या तसं राहतं. अर्डुइनो उनोवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. उनोची डीटीआर वायर १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेट पिनेला जाते. लिनक्स पोर्ट उघडतानाच डीटीआर सक्रिय करतं, त्या धक्क्याने उनो रिसेट होतो, आणि तासभर चाललेलं तापमानाचं मोजमाप पुन्हा शून्यावरून सुरू होतं. मागच्या वेळी कंट्रोल-क्यूने बाहेर पडला असाल तर डीटीआर आधीच सक्रिय असते. मग नव्याने उघडताना वायर हलत नाही आणि बोर्ड रिसेट होत नाही. कायम असंच हवं असेल तर सुरू करतानाच --नोरिसेट द्या. पहिल्यांदा उघडताना मात्र रिसेट होणारच, त्यावर हा उपाय चालत नाही.

ईएसपी३२च्या बोर्डांवर डीटीआर आणि आरटीएस दोन ट्रान्झिस्टरांतून रिसेट आणि शून्य क्रमांकाच्या पिनेला जोडलेल्या असतात. तिथे उघडताना चुकीच्या क्रमाने वायरी हलल्या तर बोर्ड थेट डाउनलोड मोडमध्ये जाऊन बसतो आणि तुमचा प्रोग्रॅम चालतच नाही. पिकोकॉमच्या तिसऱ्या पिढीत --लोअर-डीटीआर आणि --लोअर-आरटीएस हे पर्याय आहेत, ते दोन्ही एकत्र देऊन बघा.

ओळींच्या शेवटाचा घोळही इथेच मिटतो. बोर्ड नुसता एलएफ (नव्या ओळीची खूण) पाठवत असेल तर मजकूर पायऱ्यांसारखा उजवीकडे घसरत जातो. --आयमॅप एलएफसीआरएलएफ दिलं की सरळ येतो. उलट बाजूने, एंटर मारूनही यंत्र ढिम्म राहत असेल तर त्याला सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत येण्याची खूण) आणि एलएफ दोन्ही हवे असतील, मग --ओमॅप सीआरसीआरएलएफ. बॅकस्पेस मारल्यावर विचित्र खुणा उमटत असतील तर ओमॅपमध्ये डीईएलबीएस घाला.

पिकोकॉमची दुखरी बाजू एकच, केबल निघाली की तो मरतो. ‘रीड झिरो बाइट्स फ्रॉम पोर्ट’ असं काहीतरी म्हणून बाहेर पडतो. लोकल पकडायच्या घाईत लॅपटॉप उचलला आणि मॉड्यूल सुटलं, तर परत कमांड द्यावी लागते. शेलमध्ये एक व्हाइल लूप लिहून हे भागवता येतं, पण रोज हेच होत असेल तर खाली टिओ वाचा.

मिनिकॉम

मिनिकॉम जुना आहे आणि त्याची घडण मोडेमच्या काळातली आहे. निळसर मेनू, डायलिंगची यादी, मोडेमला सुरुवातीला आणि शेवटी पाठवायच्या ओळी. खालच्या पट्टीवर सेटिंग कायम दिसत राहते आणि कंट्रोल-ए मग झेड दाबलं की कळांचा पूर्ण तक्ता समोर येतो. कळा पाठ नसणाऱ्याला हा मोठा आधार.

पण त्याचं पहिलंच गिऱ्हाईक फसतं ते हार्डवेअर फ्लो कंट्रोलमध्ये. मिनिकॉममध्ये ते मुळात चालू असतं. तुमच्या तीन वायरींत सीटीएस (समोरच्याची ‘पाठव’ सांगणारी वायर) नाहीच. कर्नल सीटीएसची वाट बघत बसतो आणि टाइप केलेलं एकही अक्षर बाहेर जात नाही. लक्षण अगदी ठरलेलं आहे: बोर्डाचे बूट संदेश छान दिसतात, लॉगिन येतं, आणि तिथून पुढे कीबोर्ड मेल्यासारखा. लोक टीएक्सची वायर बदलतात, मॉड्यूल बदलतात, कुणी बोर्डच परत करायला निघतात. उपाय अर्ध्या मिनिटाचा. मिनिकॉम -एस सुरू करा, ‘सीरियल पोर्ट सेटअप’मध्ये जा, एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘नो’ करा. तिथेच ए दाबून पोर्टचं नाव आणि ई दाबून वेग भरा. मग ‘सेव्ह सेटअप ॲज डीएफएल’ निवडायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

दुसरी खोड म्हणजे सुरू होताना मोडेमला एटी आदेशांची (मोडेमच्या हुकमांची) ओळ पाठवणं. समोर मोडेम नसून यू-बूट (बोर्ड सुरू करणारा बूटलोडर) असेल आणि तो ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणून मोजत असेल, तर त्या ओळीनेच बूट थांबतो आणि तुम्हाला वाटतं बोर्ड लटकला. -ओ पर्याय दिला की ही ओळ जात नाही. मोडेम नसेल तिथे मिनिकॉम नेहमी -ओ लावूनच सुरू करा. बाहेर पडतानाही तोच विचार: कंट्रोल-ए एक्सने निघालात तर तो मोडेम रिसेट करायला जातो, कंट्रोल-ए क्यूने निघालात तर शांतपणे जातो.

लॉगच्या बाबतीत मिनिकॉम सोयीचा आहे. कंट्रोल-ए एल दाबून मध्येच लॉग सुरू करता येतो. पिकोकॉमला --लॉगफाइल सुरू करतानाच द्यावा लागतो, म्हणजे गडबड दिसल्यावर लॉग आठवला तर उशीर झालेला असतो. लांब ओळी उजवीकडे कापल्या जात असतील तर कंट्रोल-ए डब्ल्यू.

स्क्रीन

स्क्रीन हा मुळात सीरियलसाठीचा प्रोग्रॅमच नाही, एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारं साधन आहे. सीरियल पोर्ट उघडणं हा त्याचा जोडधंदा. मॅकवर तो आधीपासून असतो, पुष्कळ लिनक्स सर्व्हरांवर सापडतो, म्हणून त्याचं नाव सगळीकडे पुढे येतं. रेड हॅटने मात्र आठव्या आवृत्तीपासून तो मूळ भांडारातून काढला, तिथे तो असेलच असं धरून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सर्व्हर रूममध्ये उतरू नका.

स्क्रीन /डेव्ह/टीटीवाययूएसबी० ११५२००

एवढं दिलं की काम सुरू. परवानगी नसेल तर मात्र तो कारण सांगत नाही. ‘स्क्रीन इज टर्मिनेटिंग’ एवढंच छापून निघून जातो आणि तुम्ही केबल हलवत बसता. पिकोकॉम त्याच जागी ‘परमिशन डिनाइड’ असं स्वच्छ सांगतो. एवढ्या एका कारणासाठी नवख्याला स्क्रीन सुचवू नये.

त्याचा मोठा सापळा म्हणजे खिडकी बंद करणं. टर्मिनलची खिडकी क्रॉस दाबून घालवली, किंवा कंट्रोल-ए डी दाबलं, तर स्क्रीन मरत नाही. तो पाठीमागे जिवंत राहतो आणि पोर्ट धरून ठेवतो. नंतर काहीही उघडायला गेलात की ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. स्क्रीन -एलएस ने सत्रांची यादी बघा, स्क्रीन -आर ने परत आत जा, आणि कंट्रोल-ए मग के दाबून, वाय म्हणून नीट मारा. पोर्ट कुणी धरलंय ते ‘फ्यूजर -व्ही’ आणि पोर्टचं नाव दिल्यावर कळतं.

हीच खोड काही ठिकाणी गुण ठरते. मरोळच्या एखाद्या कारखान्यात कंट्रोलर रात्री कधीतरी अडकतो आणि सकाळी सगळे हात वर करतात. अशा वेळी स्क्रीन -मोठा एल लावून सुरू करा, कंट्रोल-ए डी दाबून त्यापासून वेगळे व्हा, घरी जा. ‘स्क्रीनलॉग.०’ नावाच्या फाइलमध्ये रात्रभराचं सगळं जमतं. लॉग दर १० सेकंदांनी डिस्कवर उतरतो, त्यामुळे लॅपटॉपचीच वीज गेली तर शेवटचे काही सेकंद हातचे जातात. आणि मागचं वाचायचं असेल तर कंट्रोल-ए मग डावा चौकटी कंस, पण मुळात फक्त १०० ओळी साठवलेल्या असतात. कॉन्फिगमध्ये ‘डीफस्क्रोलबॅक’ वाढवून ठेवा.

टिओ

टिओ या सगळ्यांत नवा आणि आजच्या कामाच्या पद्धतीला धरून. काहीच सांगितलं नाही तर वेग ११५२००, म्हणजे आजकालच्या बोर्डांचा नेहमीचा. बोर्ड काढला तर तो बंद होत नाही, ‘वेटिंग फॉर टीटीवाय डिव्हाइस’ म्हणत बसतो आणि बोर्ड परत लावल्याबरोबर जोडतो. ज्या बोर्डावर यूएसबी थेट चिपमध्येच आहे तिथे प्रत्येक रिसेटला पोर्ट नाहीसं होऊन पुन्हा येतं. पिकोकॉम तिथे दर वेळी मरतो, टिओला फरकही पडत नाही, आणि बूटच्या पहिल्या ओळीही सहसा हाती लागतात.

कळा कंट्रोल-टीने सुरू होतात: बाहेर पडायला क्यू, यादीसाठी प्रश्नचिन्ह, प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायला टी. ही वेळ दिसायला क्षुल्लक वाटते, पण ‘सेन्सर मध्येच उत्तर देत नाही’ या तक्रारीत दोन ओळींमधलं अंतर मिलिसेकंदात दिसलं की अर्धं निदान तिथेच होतं.

डेबियन-उबुंटूच्या भांडारात टिओ आहे, पण आवृत्ती मागची असते, आणि इथे एक खडा आहे. लहान एल आणि मोठा एल या पर्यायांचे अर्थ दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत उलटे झाले: एकीकडे लॉग, दुसरीकडे पोर्टांची यादी. स्क्रिप्टमध्ये लिहायचं असेल तर लॉगसाठी --लॉग असं पूर्ण लिहा, ते दोन्हींत चालतं.

| | पिकोकॉम | मिनिकॉम | स्क्रीन | टिओ |
|---|---|---|---|---|
| बाहेर | कंट्रोल-ए, कंट्रोल-एक्स | कंट्रोल-ए, एक्स | कंट्रोल-ए, के | कंट्रोल-टी, क्यू |
| ब्रेक (लक्ष वेधणारा लांब सिग्नल) पाठवणे | कंट्रोल-ए, कंट्रोल-\ | कंट्रोल-ए, एफ | कंट्रोल-ए, बी | कंट्रोल-टी, बी |
| पहिला सापळा | केबल निघाली की बंद | फ्लो कंट्रोल चालू | पाठीमागे जिवंत | आवृत्त्यांतले फरक |
| कुणासाठी | रोजचं काम | फाइली, मोडेम | जिथे दुसरं नाही | काढ-घाल, वेळेच्या नोंदी |

बाकीचे, थोडक्यात

‘सीयू’ हा यूयूसीपीच्या घराण्यातला. ओपनबीएसडीवर आधीपासून असतो. बाहेर पडायला एंटर, टिल्ड, टिंब. एसएसएचवरून वापरत असाल तर ते टिल्ड एसएसएचच खातं आणि तुमचं कनेक्शनच तुटतं, म्हणून दोन टिल्ड. राउटरवरच्या बिझीबॉक्समध्ये ‘मायक्रोकॉम’ सापडतो. त्यातून कंट्रोल-एक्सने निघता येतं आणि यापलीकडे फार काही करता येत नाही. पायथॉन आहे तिथे पायसीरियलचा ‘मिनिटर्म’ आहे. तो विंडोजवरही तसाच चालतो, कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबून बंद होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा एकच शिकवणं सोपं.

विंडोजवर पुटी बहुतेकांच्या हाताला बसलेला. सीरियलसाठी त्यात फ्लो कंट्रोल मुळात एक्सऑन-एक्सऑफ असतं. कन्सोलला ते सहसा चालतं, बायनरी डेटाला नाही, तिथे ‘नन’ करा. फाइल पाठवायची सोय पुटीत नाही, त्यासाठी टेरा टर्म. डब्ल्यूएसएलच्या (विंडोजच्या आतल्या लिनक्सच्या) दुसऱ्या पिढीत कॉम पोर्ट थेट दिसत नाहीत, ‘यूएसबीआयपीडी’ने मॉड्यूल आत ढकलावं लागतं. नुसत्या कन्सोलसाठी एवढा खटाटोप करू नका, पुटीच उघडा.

मॅकवर पोर्टाची दोन नावं दिसतात, एक टीटीवायने आणि एक सीयूने सुरू होणारं. सीयूचं घ्या. टीटीवायचं पोर्ट कॅरियर सिग्नलची वाट बघत अडकू शकतं.

फाइल आणि मोठा मजकूर पाठवताना

११५२०० वेगात एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, तेही उत्तम परिस्थितीत. ८ मेगाबाइटची फर्मवेअर फाइल किमान १२ मिनिटं घेणार. ९६०० वर त्याच्या बारापट. ‘लटकलं वाटतं’ म्हणून मध्येच केबल काढण्याआधी हा हिशेब करा.

पिकोकॉम आणि मिनिकॉम दोघांनाही फाइलीसाठी ‘एलआरझेडएसझेड’ पॅकेज लागतं. ते नसलं तर पिकोकॉम फाइलीचं नाव विचारतो आणि मग कमांड सापडली नाही म्हणून परत येतो. यू-बूटमध्ये फाइल घेण्यासाठी ‘लोडवाय’ दिलं असेल तर वायमोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत हवी, आणि पिकोकॉम तर झेडमोडेम ही दुसरी पद्धत धरून चालतो. सुरू करतानाच --सेंड-सीएमडी मध्ये ‘एसबी -व्हीव्ही’ द्या. दोन्ही बाजूंची बोली वेगळी असली की मोजणी हलत नाही. मिनिकॉमच्या मेनूत कंट्रोल-ए एस दाबल्यावर झेडमोडेम, वायमोडेम, एक्समोडेम असे पर्याय समोर येतात. इथे मिनिकॉम सरळ जिंकतो.

स्विचचं कॉन्फिगरेशन ९६०० वर पेस्ट करताना मधली अक्षरं गळतात, कारण समोरचं यंत्र प्रत्येक ओळ प्रक्रिया करेपर्यंत त्याचा बफर भरून जातो. पन्नास ओळींत एका ओळीतला एक आकडा गळला तर तो आठवडाभर सापडत नाही. मिनिकॉममध्ये टर्मिनल सेटिंगमधून अक्षरामागे विलंब घालता येतो, टिओत --आउटपुट-डिले आणि --आउटपुट-लाइन-डिले आहेत. पिकोकॉमला ही सोय स्वतःची नाही. मिनिकॉमसोबत येणारा ‘अस्की-एक्सएफआर’ लावावा लागतो: -एस, ओळीमागे विलंबासाठी -एल आणि मिलिसेकंद.

कचरा वाचायला शिका

पडद्यावरचा कचरा कारण सांगतो. सगळंच अगम्य असेल तर वेग चुकलाय. बूटच्या वेळी कचरा आणि मग स्वच्छ मजकूर येत असेल तर ईएसपी८२६६ असण्याची शक्यता मोठी. त्याचा बूट रोम २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ७४८८० वेगाने बोलतो. हा वेग नेहमीच्या यादीत नाही, पण टिओ आणि नवे पिकोकॉम तो स्वीकारतात.

काही अक्षरं बरोबर आणि काही ठरावीक अक्षरं कायम चुकीची येत असतील तर पॅरिटी तपासा. समजा वजनयंत्र सात डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीने पाठवतंय आणि तुम्ही आठ बिट, पॅरिटी नाही असं वाचताय. ‘ए’ आणि ‘बी’ या मोठ्या रोमन अक्षरांत एक असलेले बिट दोन, म्हणजे सम. त्यांचा पॅरिटी बिट शून्य, म्हणून ती बरोबर दिसतात. ‘सी’ मध्ये तीन. त्याचा पॅरिटी बिट एक होतो, तो तुमच्या आठव्या बिटात घुसतो आणि पडद्यावर भलतीच खूण येते. ए-बी ठीक आणि सी बिघडलेला, असा नमुना दिसला की पिकोकॉममध्ये --पॅरिटी ई आणि -डी ७ द्या.

मजकूर बरोबर पण मधली मधली अक्षरं गायब असतील, तर बहुधा दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टातून वाचत आहेत. जे बाइट दुसऱ्याने उचलले ते तुम्हाला मिळत नाहीत. यात नेहमीचा संशयित मोडेममॅनेजर ही सेवा. यूएसबी पोर्ट दिसलं की ती मोडेम आहे का म्हणून एटी आदेश पाठवून चाचपते. मोबाइल डेटाचं डोंगल वापरत नसाल तर ती बंद करा.

शिकायला सगळ्यात सोपं यंत्र हवं असेल तर निओ-६एम जीपीएस मॉड्यूल घ्या. ते न विचारता ९६०० वर दर सेकंदाला बोलत राहतं, तुम्ही फक्त ऐकायचं. माटुंग्यात खिडकीजवळ ठेवलं तर आकाश सापडल्यावर ‘१९०१’ने सुरू होणारा आकडा आणि एन, मग ‘०७२५१’ने सुरू होणारा आकडा आणि ई अशी ओळ येईल. पहिला आकडा १९ अंश १ मिनिट, १९०१ अंश नव्हे, आणि दुसरा ७२ अंश ५१ मिनिटं. स्वल्पविरामांच्या मधल्या जागा रिकाम्या असतील तर वायरी बरोबर आहेत, उपग्रह अजून सापडलेले नाहीत. गॅलरीत न्या.

एकसारखी दोन सीएच३४० मॉड्यूलं एकाच लॅपटॉपला लावत असाल तर टीटीवाययूएसबी० कोणतं आणि १ कोणतं हे लावण्याच्या क्रमावर ठरतं. इतर चिपांसाठी /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी या फोल्डरातलं नाव कायम राहतं, पण सीएच३४०ला सहसा अनुक्रमांकच नसतो, म्हणून दोघांचं नाव एकच होतं. तिथे बाय-पाथ वापरा आणि लॅपटॉपच्या त्या-त्या यूएसबी खाचेवर पेनाने खूण करा.

स्क्रीनच्या आत पिकोकॉम चालवत असाल, जसं दूरच्या रास्पबेरी पायवर एसएसएचने जाऊन, तर कंट्रोल-ए आधी स्क्रीन खातो आणि पिकोकॉमपर्यंत पोहोचतच नाही. सुरू करताना -ई टी द्या, मग पिकोकॉमची सगळी कामं कंट्रोल-टीने होतात आणि बाहेर पडायला कंट्रोल-टी, कंट्रोल-एक्स.